वरणातले थेंब

ओमनं आईवर पहिल्यांदा हात उचलला तो वरणावरून. ताटातल्या वरणात त्यानं बोट बुडवलं, वास घेतला, आणि अख्खी पितळी पुतळाबाईच्या तोंडावर मारली. कड लागून तिची भुवई फुटली. गरम वरण गळ्यावरून पोलक्यात उतरलं. ती ओरडली नाही, कारण बाहेर ओट्यावर मेसची पोरं डबे उचलायला उभी होती.

"इष घालतीस," ओम म्हणाला. "मला कळत न्हाई व्हय?"

त्या दिवशी वरणात काही नव्हतं. डाळ, हळद, मीठ. बस.

बबनराव आतून आला तो टेम्पोवर माल आवळायचा पट्टा हातात घेऊनच. त्या पट्ट्याला लोखंडी खटका असतो. पहिला फटका पट्ट्याचा बसला, दुसरा खटक्याचा. सत्तावीस वर्षांचा पोरगा बापाखाली कुत्र्यासारखा कळवळला. मग त्याच पट्ट्यानं त्याला लोखंडी पलंगाला आवळला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. पुतळाबाईनं भुवईला हळद दाबली, पदर पुढं ओढला आणि बाहेर जाऊन डबे वाटले.

"मावशी, काय लागलं?" एकानं विचारलं.

"कपाटाचं दार," ती म्हणाली.

चाकणजवळच्या निघोज्यात या घराला मान होता. जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या गुंठ्यांवर बबनरावनं खोल्यांची रांग उठवली. हिंगोली, वाशीम, नांदेडची पोरं भाड्यानं राहायची आणि पुतळाबाईच्या मेसचं खायची. बबनराव देवळाच्या कमिटीत होता. अशा माणसाचा पोरगा येडा असून चालत नाही. म्हणून ओम येडा नव्हता. ओम "जरा तापट" होता. ओम "घरून काम बघत" होता.

खरं असं होतं की ओम डिप्लोमा करून कंपनीत लागला, आणि दुसऱ्या वर्षी लाइनवरचा भोंगा त्याला नावानं हाका मारायला लागला. एक दिवस त्यानं स्पॅनरनं तो भोंगा फोडला. कंपनीनं हाकलला. घरच्यांनी आधी देवऋषी गाठला. त्यानं मिरच्यांची धुरी देऊन ओमचे डोळे सुजवले आणि पाठीवर लिंबाच्या फोकांचे वळ काढले. मग नातेवाइकांना पत्ता लागणार नाही असा लांबचा डॉक्टर शोधला, पिंपरीतला.

डॉक्टर भला होता. तो म्हणाला, "याला समोर बसवून सांगा काय आजार आहे ते. गोळी त्याच्या हातात द्या, त्याला विचारून द्या. चोरून काही करू नका. याच्या डोक्यात आधीच संशय आहे, त्याला खरं खाद्य घालू नका."

बाहेर आल्यावर बबनराव म्हणाला, "त्याला काय जातंय सांगायला. त्याच्या घरी हाय का आसलं?"

ओमला कुणी काही सांगितलं नाही. "ताकदीच्या गोळ्या हायेत," एवढंच. ताकदीच्या गोळ्यांनी त्याची जीभ जड झाली, लाळ गळायला लागली, दुपारी बारा वाजता पोरगा मेल्यासारखा झोपायला लागला. थोडे दिवस खाल्ल्या. मग संडासात टाकल्या. आणि मग ती वरणाची पितळी.

त्याच महिन्यात ओमच्या बहिणीचा, वर्षालीचा, साखरपुडा झाला. राजगुरुनगरची पार्टी. नवऱ्या मुलाच्या मामानं सहज विचारलं, "भाऊ काय करतो?" बबनरावनं सहज उत्तर दिलं. ओम तेव्हा आत पलंगाला आवळलेला होता आणि तोंडात उशीचा अभ्रा होता.

चाकणच्या एका मेडिकलवाल्यानं पुतळाबाईला वाट दाखवली. "काकू, गोळी खात नसंल तर थेंब येतात. पाण्यासारखे. चव न्हाई, वास न्हाई. कित्येक घरात देत्यात."

पण ओम घरचं ताट घेईना. त्याचा हिशेब सरळ होता: मेसची पोरं रोज जेवतात आणि मरत नाहीत, म्हणजे त्यांच्या डब्यात विष नाही. "मला त्यांच्यासारखा डबा भर," तो म्हणाला. "त्यांच्या रांगेत ठेव. मी माझ्या हातानं उचलीन."

पुतळाबाईनं नवा डबा आणला. तीन पुडांचा, पोरांच्या डब्यांसारखाच. पोरांच्या डब्यांच्या झाकणावर ऑइलपेंटच्या खुणा होत्या, ओमच्यावर तिनं निळा ठिपका काढला. दुपारी दुसऱ्या पाळीची पोरं डबा खाऊनच कामावर निघायची, त्याआधी ओट्यावर डब्यांची रांग लागायची. निळ्या ठिपक्याच्या खालच्या पुडात, वरणात, ती थेंब सोडायची.

आणि औषध लागू पडलं. खोटं कशाला बोलायचं, लागू पडलं. ओम आंघोळ करायला लागला. वर्षालीला म्हणाला, "तुझ्या लग्नात बुलेटवर यीन मी." पट्टा टेम्पोत परत गेला. पुतळाबाई आळंदीला जाऊन नारळ फोडून आली. पोराला फसवून बरं केलं म्हणून देवाचे आभार मानले तिनं. तिची चूक इथं सुरू झाली. कारण आता तिला वाटायला लागलं की पोराशी बोलायची गरजच नाही. पोराला काय होतं, भोंगा अजून बोलतो का, झोप लागते का, एक शब्द नाही. थेंब मोजले की आईपण झालं.

ओम येडा असेल, पण बिनडोक नव्हता. डबा खाल्ला की डोळ्यांवर झापड येते, न खाल्ला की येत नाही, हे त्याला कळायला फार वेळ लागला नाही. तो काही बोलला नाही. बोललं की पट्टा येतो, हे शिकला होता. त्यानं फक्त एक केलं. रांगेत त्याच्या शेजारी खोलीवरच्या बंटीचा डबा असायचा. पुतळाबाई आत वळली की ओम खालचे दोन पुड बदलायचा. स्वतःचं वरण बंटीच्या डब्यात, बंटीचं स्वतःच्या.

बंटीवर त्याचा राग नव्हता. उलट तो एकटाच त्याला "ओमदादा" म्हणायचा आणि मोबाइलवरच्या कुस्त्या दाखवायचा. ओमच्या डोक्यात असं होतं की विष आपल्या नावाचं आहे, ते दुसऱ्याला लागणारच नाही.

बंटी बावीस वर्षांचा, हिंगोलीकडचा. त्याचा चुलतभाऊ ज्योतीराम त्याला घेऊन आला होता. दोघं एकाच कंपनीत, ज्योतीराम वेल्डर, बंटी पॉवर प्रेसवर. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, प्रेस खाली यायची, तुकडा काढायचा, पुन्हा पत्रा. मधे हात आला तर मशीन थांबावं म्हणून सेन्सर असतो. तो बंद ठेवलेला. सेन्सरनं माल कमी निघतो, म्हणून सुपरवायझरनंच बंद केलेला. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

बंटी पेंगायला लागला. खोलीतली पोरं त्याला चिडवायची.

"काय भावा, रातभर कुणाशी बोलायलास फोनवर?"

"आरं कुणाशी न्हाई. आंगच जड झालंय."

"लग्न कर, हलकं हुतंय."

तिकडं ओम पुन्हा बिघडला. भिंतीला कान लावून बसायला लागला. एका दुपारी त्यानं वर्षालीचा गळा धरला, कारण तिच्या बांगड्या त्याच्याबद्दल बोलत होत्या. बबनरावनं पट्टा परत आणला, यावेळी पोराचं मनगट सुजेस्तोवर आवळला, डब्याच्या वेळेला तेवढा सोडायचा. आणि पुतळाबाईनं काय करावं? ओमचा डबा तर रोज चाटूनपुसून रिकामा येत होता. म्हणजे औषध पोटात जातंय. म्हणजे कमी पडतंय. तिनं थेंब दुप्पट केले.

बंटीची चार बोटं गेली ती त्या आठवड्यात. उजव्या हाताची. संध्याकाळच्या चहाच्या आधी. प्रेस खाली आली तेव्हा त्याला ओरडायलाही उशीर झाला, इतका तो झोपेत होता. ज्योतीराम वेल्डिंग टाकून धावला. त्यानं बोटं पत्र्यावरून उचलून रुमालात घेतली. डॉक्टर म्हणाले, चेंदा झालाय, बसणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबानं ज्योतीरामला कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. बंटी मशीनपुढं डुलतोय. "हे बघ. नशा करून आलेला. आमची काय चूक?" सेन्सरचं नाव निघालं नाही. कंपनीला पोरं पुरवणारा कंत्राटदार म्हणाला, "गांजेकसाला कामाला लावलं म्हणून मलाच बोलणी बसली." ज्योतीरामनं त्याची कॉलर धरली, तर वॉचमन लोकांनी ज्योतीरामलाच तुडवला. फुटलेला ओठ घेऊन तो खोलीवर आला. पोरं गोळा झाली. बंटी सुपारीसुद्धा खात नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मग डुलत का होता?

तेवढ्यात ओम आला. अनवाणी, मनगटावर पट्ट्याचे काळे वळ. खोलीच्या दारात उभा राहिला.

"त्यानं नशा न्हाई केली," तो म्हणाला. "त्याच्या डब्यात इष व्हतं."



"काय म्हणलास?" ज्योतीराम उठला.

"माझं व्हतं ते. माझ्या वाटचं. मी त्याच्या डब्यात टाकायचो. रोज." ओमनं दाराची चौकट धरली. "मला वाटलं त्याला लागणार न्हाई."

एवढ्या सगळ्या भानगडीत खरं बोलणारा हा एकच माणूस. त्याला त्या खरेपणाचं काय मिळालं ते सांगतो. ज्योतीरामनं त्याला केसांना धरून खोलीतून ओढला आणि अंगणात आपटला. पोरांनी घेरला. कुणी बुटानं, कुणी चपलेनं. एकानं बांधकामाचा लोखंडी अँगल उचलला. ओमनं डोक्यावर हात धरले तर अँगल हातांवर बसला. हाड मोडल्याचा आवाज वाळल्या काटकीसारखा येतो, मोठा काही नाही.

"कामून केलंस? माह्या भावानं तुहं काय वाकडं केलतं?"

"काही न्हाई," ओम म्हणत होता. "काही न्हाई केलं त्यानं."

गलका ऐकून बबनराव आणि पुतळाबाई बाहेर आले. बबनराव पायरीवरूनच ओरडला, "सोडा त्याला. येडा हाय तो. काहीबी बरळतो. डोक्यावर परिणाम हाय त्याच्या, डॉक्टरचा कागद हाय माझ्याकडं."

दोन वर्षं जे गिळून ठेवलं ते गरज पडल्यावर एका दमात बाहेर आलं.

"येडा हाय?" ज्योतीराम थुंकला. थुंकी लाल होती. "मंग आजवर कामून नाही सांगितलं? येडा हाय तर आमच्या डब्यायपाशी मोकळा कामून सोडला? काय टाकलं यानं डब्यात? बोल. काय टाकलं?"

त्यानं ओमच्या गळ्यावर पाय ठेवला. ओमचं तोंड निळसर व्हायला लागलं.

पुतळाबाईच्या डोक्यात तेव्हा सगळं जुळलं. रिकामे येणारे डबे. ओमचं बिघडणं. बंटीची झोप. दुप्पट केलेले थेंब. बबनरावलाही जुळलं असावं, कारण त्यानं तिचा दंड धरला आणि तोंड न हलवता म्हणाला, "गप ऱ्हा. येड्याच्या बोलण्याला कोण इचारतंय. दोन लाता खाईल आन् सुटंल. तू बोललीस तर केस व्हईल. वर्षालीचं लगीन पंधरवड्यावर हाय."

"मारत्यात त्याला."

"मी न्हाई मारत का? मेला का?"

तिनं नवऱ्याच्या मनगटाला कडाडून चावा घेतला. तोंडात रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. बबनरावनं हात झटकला आणि ती पायऱ्या उतरून पोरांत घुसली. एक लाथ तिच्या बरगडीत बसली, कुणाची ते कळलं नाही. ती ज्योतीरामच्या पायाला लटकली.

"त्यानं न्हाई घातलं. मी घातलं. माझ्या हातानं."

"सरक मावशी."

"मी घातलं म्हणते ना. औषध हाय ते. येडेपणाचं. ओमला चोरून द्यायचे, त्याच्या वरणात. त्यानं पुड बदलले. त्याला ठाऊक न्हवतं काय हाय ते. बंटीला झोप लागायची ती माझ्या थेंबांची."

ज्योतीरामचा पाय गळ्यावरून निघाला, आणि त्याच पायानं त्यानं तिला छातीत लाथ घातली. ज्या बाईला दोन वर्षं मावशी म्हणत होता, तिला. ती मातीत उताणी पडली. मग तो स्वतःच खाली बसला आणि कपाळ बडवायला लागला. "चार बोटं," तो म्हणत होता. "त्याच्या मायला काय तोंड दाखवू मी? चार बोटं."

ओम उठला. एक हात लोंबत होता. तो आईकडं सरकत गेला, गुडघ्यांवर. पोरांना वाटलं आता हा तिचा जीव घेणार. कुणी आडवं गेलं नाही. त्यानं चांगल्या हातानं तिचा जबडा धरला. बोटं गालात रुतली.

"परत सांग," तो म्हणाला.

"मी थेंब घालत व्हते."

"परत."

"मी घालत व्हते, ओम. वरणात."

"मी म्हणत व्हतो तवा काय म्हणायचीस?"

"काय न्हाई म्हणायचे. तुला भास व्हत्यात म्हणायचे."

"मला भास व्हत्यात का?"

पुतळाबाईनं मान हलवायचा प्रयत्न केला, पण जबडा त्याच्या मुठीत होता. "व्हत्यात," ती म्हणाली. "आजारी हायस तू. भोंगा बोलत न्हाई. बांगड्या बोलत न्हाईत. पण वरणाचं तुझं खरं व्हतं."

त्यानं पकड एवढी आवळली की तिचा ओठ दातात सापडून फाटला. मग सोडली. "आधी का न्हाई सांगितलं?"

"तू औषध घेतलं नसतंस."

"नसतं घेतलं," ओम म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती.

ज्योतीराम उठला. "मावशी, हे समदं साहेबापुढं बोलायचं. पोलिसापुढं बोलायचं. बंटी गांजेकस नाही, हे तुह्या तोंडानं. चला."

ती उठली. पदरानं तोंड पुसलं. फाटकात बबनराव उभा होता. हातात पट्टा.

"कुठं निघालीस? गावात तोंड दाखवायची सोय ठेवायची न्हाई का? पोरीचं वाटोळं करतीस?" त्यानं पट्टा फिरवला. खटका पुतळाबाईच्या कानशिलावर बसला. ती फाटकाला धडकली. त्यानं दुसऱ्यांदा हात उचलला, आणि ओमनं मातीतला अँगल उचलून एका हातानं बापाच्या खांद्यावर घातला. गळ्याजवळचं हाड मोडलं. बबनराव फाटकातच बसला, तोंड उघडं, आवाज नाही.

गावात अजून सांगतात की येड्यानं बापाला मारलं. सांगोत. मी सांगतो, त्या एका फटक्यात येडेपणा नव्हता.

पुतळाबाई बोलली. चौकीत बोलली, कंपनीच्या साहेबापुढं बोलली, बंटीच्या खाटेशी उभं राहून बंटीला बोलली. बंटीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तिच्यावर गुन्हा दाखल झाला. मग ज्योतीरामनं सेन्सरचं नाव काढलं, आणि आधी गप्प असलेली दोन पोरं त्याच्या बाजूनं उभी राहिली. नशेचा शिक्का पुसला गेला. बोटं काही उगवली नाहीत. मेस बंद पडली, राजगुरुनगरच्या पार्टीनं लग्न मोडल्याचा निरोप पाठवला, आणि वर्षाली आईशी बोलेनाशी झाली. बबनराव देवळाच्या कमिटीत अजून आहे.

ओमला मोठ्या इस्पितळात मानसिक आजाराच्या वॉर्डात ठेवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं त्याला समोर बसवून आजाराचं नाव सांगितलं, औषधाचं नाव सांगितलं, लाळ का गळते ते सांगितलं. ओमनं पहिल्या दिवशी टेबल उलथवलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "लाळ कमी करायची गोळी हाय का?" होती. कधी घेतो, कधी थुंकतो. पण थुंकताना तिच्या समोर थुंकतो.

आईला भेटायला त्यानं बरेच दिवस नकार दिला. मग एकदा हो म्हणाला. पुतळाबाई जामिनावर होती. निघोज्याहून दोन बस बदलून गेली. धपाटे करून नेले होते, फडक्यात बांधून. कानशिलावर टाक्यांचा व्रण होता.

व्हरांड्यातल्या बाकावर दोघं बसली. हवालदारासारखा एक वॉर्डबॉय दारात उभा. तिनं फडकं सोडलं. ओमनं धपाट्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. प्लॅस्टरचा हात मांडीवर.

"काय हाय यात?"

"जवारी, गहू, बेसन. मिरची, लसूण. तीळ."

"आजून?"

"आजून काय न्हाई."

"तू खा आधी."

तिनं तुकडा मोडला.

"त्यातला न्हाई. खालचा. मधून."

तिनं खालचा धपाटा काढला, मधून फाडला आणि खाल्ला. नुकता भरलेला ओठ मिरचीनं झोंबला, डोळ्यात पाणी आलं. ओमनं तिची हनुवटी वर केली. या वेळी बोटं रुतली नाहीत. तो तिच्या डोळ्यांत बघत बसला, पापण्या जड होतात का ते. व्हरांड्यातून लोक येत होते, जात होते.

"झोप येती का?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"थांबू आजून."

"थांब," ती म्हणाली. "मला कुठं जायचंय."

वॉर्डबॉयनं घड्याळाकडं बघून खाकरलं. ओमनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. धपाटा त्याच्या मांडीवर तसाच होता, आणि तो आईच्या डोळ्यांवरून नजर काढत नव्हता.